दर हिटमागे पंचवीस सेंट

मराठी माणूस पैसे मागायला लाजतो, पण फक्त स्वतःसाठी. सार्वजनिक कामाचं पावतीपुस्तक हातात आलं की हाच माणूस चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराची कडी वाजवत उभा राहतो. आतल्या टीव्हीचा आवाज आत्ताच बंद झालाय हे त्याने ऐकलेलं असतं, त्यामुळे तो हलत नाही. मी गिरगावात वाढलेली, तेव्हा ही विद्या मला पुरेपूर येते. डॅलसच्या आमच्या मराठी मंडळींनी इथल्या फूड बँकेसाठी निधी जमवायचं ठरवलं, तेव्हा मी थेट पावतीपुस्तकं किती छापायची हाच विषय काढला. सेक्रेटरीबाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अहो, इथे बेल वाजवली तर लोक दार उघडत नाहीत, दारावरच्या कॅमेऱ्यातून बोलतात. कॅमेऱ्याच्या नावाने पावती फाडणार का?"

अमेरिकेत दान मागायचं तर आधी काहीतरी करून दाखवावं लागतं. कोणी धावतं, कोणी सायकल हाणतं, कोणी चारचौघांत डोकं भादरून घेतं. 2014 च्या उन्हाळ्यात तर लोकांनी बर्फाच्या पाण्याच्या बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या आणि एएलएस या असाध्य आजाराच्या संशोधनासाठी कोट्यवधी डॉलर उभे केले. हे लोण मुंबईतही कधीच पोचलंय. तिथली मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली आणि पाठोपाठ निधीसाठी धावणाऱ्यांची एक जातच तयार झाली. माझा मावसभाऊ त्यातला. डिसेंबर लागला की त्याचे मेसेज सुरू होतात. मी दरवर्षी पैसे पाठवते. थोडे त्या संस्थेसाठी, बाकीचे त्याच्या गुडघ्यांची दया येऊन.

आमच्यात धावेल असं कोणी नव्हतं. बहुतेक जण पंचावन्नच्या पुढचे, कोणाला स्टेंट, कोणाला शुगर, आणि सगळ्यांनाच उकडीचे मोदक आवडतात. शेवटी माझी मुलगी म्हणाली, "आई, तुम्ही लेझर टॅग खेळा. त्यात धावायला मनाईच असते."

लेझर टॅग म्हणजे अंधारात प्रकाशाच्या बंदुकीने एकमेकांना टिपायचा खेळ. धावायचं नाही, कोणाला धक्का मारायचा नाही, अंगावरचे सेन्सर हाताने झाकायचे नाहीत, असे नियम भिंतीवर लिहिलेले असतात. मंडळाला असा खेळ आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. तरी एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतलीच, की भुकेल्यांच्या मदतीसाठी बंदुका कसल्या चालवायच्या? हा प्रश्न टेक्सासमध्ये कोणी विचारला असेल तर तो पहिल्यांदाच. म्हणून त्याची इतिवृत्तात नोंद करण्यात आली.

आणि खरं सांगायचं तर डॅलसकरांनी या खेळाला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. हा धंदा जन्मला तोच इथे. 1977 साली 'स्टार वॉर्स' आला, तो पाहून जॉर्ज कार्टर नावाच्या गृहस्थांच्या डोक्यात अंधारात एकमेकांवर प्रकाश झाडायचं खूळ शिरलं आणि 1984 मध्ये त्यांनी डॅलसमध्ये 'फोटॉन' नावाचं केंद्र उघडलं. खेळाडूंच्या डोक्याला हेल्मेट, कमरेला बॅटरीचा पट्टा. वर प्रेक्षकांसाठी गॅलरी, आणि तिथून नाणं टाकून खालच्या खेळाडूंवर नेम धरायची सोय. पैसे मोजून दुसऱ्याला गोळी घालायची कल्पना अशी मूळची आमच्याच गावची. आम्ही ते पैसे फक्त फूड बँकेकडे वळवले.

या खेळात लेझर नावापुरताच असतो, हेही मला मुलीकडूनच कळलं. अमेरिकन लष्कराने सत्तरच्या दशकाच्या शेवटी सैनिकांच्या सरावासाठी खरी लेझर यंत्रणा आणली होती. खेळात मात्र धुरातून दिसणारी ती लाल-हिरवी रेघ बहुधा नुसती शोभेची असते. तुम्हाला लागतो तो डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड किरण, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्यातलाच. माझा नवरा आयुष्यभर रिमोट हातात घेऊन बसलेला, तेव्हा खेळायला खरा लायक तो होता. पण त्याने जाहीर केलं की तो फक्त देणगी देणार.

मुलगी हा खेळ गंभीरपणे खेळते. किती गंभीरपणे, ते मला तिची टीम पाहून कळलं. ही मुलं सामन्याच्या आदल्या रात्री अरीनाचा नकाशा काढतात. कुठल्या रॅम्पवरून कुठला कोपरा दिसतो, यावर तावातावाने भांडतात. सामना संपला की घामेजल्या अंगाने स्कोअरशीटसमोर उभी राहून कोणी कोणाला कितीदा टिपलं ते पाहतात आणि नेमाची टक्केवारी अर्ध्या टक्क्याने का घसरली याची कारणं शोधतात. बारावीला हिने एवढं केलं असतं तर, हा विचार मी मनातच ठेवला.

ती खेळते तो प्रकार ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या लेझरफोर्स कंपनीचा, नाव 'स्पेस मरीन्स 5'. टीममध्ये सहा जण: कमांडर, हेवी, दोन स्काउट, एक ॲमो आणि एक मेडिक. प्रत्येकाला ठरावीक जीव आणि बहुतेकांना ठरावीक गोळ्या. गोळ्या संपल्या की ॲमोकडे जायचं, जीव कमी झाले की मेडिककडे. ॲमो म्हणजे पंगतीतला वाढपी. सगळ्यांची ताटं त्याच्यावर, आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही. गंमत अशी की आपल्या माणसाला गोळ्या किंवा जीव द्यायचे तर त्याच्यावरच बंदूक रोखून चाप ओढावा लागतो. तो बिचारा काही सेकंद बंद पडतो आणि मग ताजातवाना होऊन उठतो. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत ही पद्धत फार वर्षांपासून आहे, फक्त तिथे कोणी ताजातवाना होऊन उठत नाही.

शत्रू म्हणून मुलीचीच टीम ठरली, आणि आमच्या टीममध्ये मला मेडिक केलं. कारण विचारलं तर म्हणे, तुमच्या पर्समध्ये नेहमी क्रोसिन असते.

आता पैशांचं. आधी ठरलं होतं की आम्ही शत्रूला जितके हिट मारू तितके पंचवीस-पंचवीस सेंट देणगीदारांनी द्यायचे. खजिनदार सांगलीच्या बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी सरावाची स्कोअरशीट चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, "या दराने फूड बँकेला एक वांगं येईल." मग त्यांनीच तोड काढली. आपण मारलेले हिट मोजायचेच नाहीत, आपल्याला लागलेले मोजायचे. सभेत क्षणभर कोणी बोललं नाही, मग टाळ्या पडल्या. आपल्या अंगच्या गुणांना पहिल्यांदाच बाजारभाव मिळत होता.

खजिनदारांनी लगेच पैसा फंडाचा दाखला दिला. शंभरेक वर्षांपूर्वी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागायचा असा फंड काढला आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तेव्हा रक्कम लहान ठेवा आणि माणसं वाढवा, असं त्यांचं म्हणणं. मला ते आजही पटतं. शंभर डॉलरचा चेक देणारा माणूस चेक देऊन विसरतो; दर हिटला पंचवीस सेंट लावणारा सामना बघायला येतो, ओरडतो, आणि शेजाऱ्यालाही लावायला लावतो.

मग नियमावलीवर सभा झाली. मेडिकने आपल्याच माणसावर चाप ओढला तर तो हिट धरायचा का? (नाही.) कमांडर आणि हेवीला पाडायला एकापेक्षा जास्त हिट लागतात, ते सुटे मोजायचे का? (होय, सुटे.) शत्रूच्या कमांडरने न्यूक टाकला की आपल्या प्रत्येकाचे 3 जीव एकदम जातात, मग तो एक हिट की तीन? या मुद्द्यावर सभा तहकूब झाली आणि चहानंतर तीन असं ठरलं. नवरा एवढा वेळ गप्प होता. चहा झाल्यावर त्याला काय वाटलं कोणास ठाऊक, उभा राहून म्हणाला, "माझ्याकडून अख्ख्या टीमच्या दर हिटला एक डॉलर. मर्यादा नाही." सभेने ते टिपून घेतलं.

सामन्याच्या दिवशी आम्ही मंडळाचे स्वच्छ धुतलेले पांढरे टी-शर्ट घालून गेलो. अरीनात अतिनील दिवे असतात आणि हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत कपडा उजळ दिसावा म्हणून अशी रसायनं घालतात, की या दिव्यांखाली ती चक्क चकाकतात. मुलीची टीम काळ्या कपड्यांत होती, म्हणजे दिसतच नव्हती. आम्ही मात्र इतके दिसत होतो की वरच्या गॅलरीतून नवऱ्याला आमच्या पाठीवरचं मंडळाचं बोधवाक्य वाचता आलं.

दार उघडलं, संगीत सुरू झालं, आणि पहिल्या मिनिटातच माझं सेन्सरचं जाकीट थरथरून विझलं. समोर मुलगी. मेडिकला आधी गाठायचं हा या खेळातला पहिला धडा आहे, आणि मेडिकला मारलेल्या हिटची तर ही मुलं वेगळी नोंद ठेवतात. जाकीट पेटलं, परत विझलं. परत पेटलं, परत मुलगी. बाळंतपणाच्या कळा मला त्या क्षणी आठवल्या नाहीत, हे मी माझ्या थोरपणाचं लक्षण समजते.

खजिनदारांना यातला आर्थिक धोका आमच्याआधी कळला. मेडिकचे जीव संपले की ती बाहेर, आणि मेडिक बाहेर गेली की बाकीच्यांना नवे जीव मिळत नाहीत, म्हणजे उत्पन्नच थांबतं. पहिल्या सामन्यानंतर ते माझ्या मुलीकडे गेले आणि अजिजीने म्हणाले, "बाळ, आईला जरा शेवटी मार. फूड बँकेचा प्रश्न आहे." मुलगी म्हणाली, "काका, चॅरिटी तुमची, रँकिंग माझं."

तेव्हा आम्हीही डोकं चालवलं. दुसऱ्या सामन्यात मला वरच्या रॅम्पच्या आतल्या कोपऱ्यात उभं केलं, पुढे ॲमो. बाकीचे चौघे खाली उघड्यावर जायचे, मनसोक्त मार खायचे, धापा टाकत वर यायचे, मी त्यांना जीव द्यायचे, की ते पुन्हा खाली मार खायला. आमचा हेवी, जो ऑफिसात कोणाचं काही ऐकून घेत नाही, त्याने त्या दिवशी छाती पुढे काढून जितके हिट घेतले तितके सगळ्या मंडळाने मिळून घेतले नसतील. कोणी गोळी चालवायच्या फंदात पडलंच नाही. ॲमोचा साठा जवळजवळ तसाच परत गेला.

गॅलरीत मात्र युद्ध पेटलं होतं. खजिनदार ओरडत होते, "वहिनी, द्या! जीव द्या!" आणि त्यांच्या शेजारी उभा राहून, दर हिटला एक डॉलर लावलेला माझा नवरा ओरडत होता, "अगं, देऊ नकोस! मरू दे त्यांना!" थोड्या वेळाने त्याने मुलीला माझा कोपरा बोटाने दाखवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्या मरणावर एवढी आशा ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती. मी दिले जीव. सढळ हाताने दिले.

आम्ही सगळे सामने हरलो. जमलेली रक्कम चार आकडी झाली. इथल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात, त्यामुळे ती पुढे आणखी फुगली. ऑफिसच्या फॉर्मवर देणगीचा तपशील विचारतात, तिथे आमच्या हेवीने 'मार खाल्ला' असं इमानदारीने लिहिलं आणि ते मंजूरही झालं. खजिनदारांनी छापील स्कोअरशीट फाइलला लावल्या. इतक्या स्वच्छ व्हाउचरांवर सही करायचं भाग्य बँकेतल्या सगळ्या नोकरीत लाभलं नव्हतं, असं ते म्हणाले. नवऱ्याने चेक लिहिला आणि नंतर बराच वेळ रिमोट हातात घेऊन बसला. टीव्ही बंदच होता.

पुढचा सामना दिवाळीनंतर आहे. टीममध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. अनुभव असलेल्यांनी कृपया अर्ज करू नये, नेमबाजांना आम्ही घेत नाही. खेळणं जमणार नसेल तर देणगीदार म्हणून नाव द्या, दर हिटला पंचवीस सेंट. आणि फॉर्मवर कमाल मर्यादेचा रकाना आहे, तो कोरा सोडू नका.