लोकरी चड्डी : रायगड किनाऱ्यासाठी मार्गदर्शन

तान्ह्या बाळाच्या लंगोटावर चढवायची लोकरी चड्डी क्रोशाच्या सुईने विणतात. कमरेला साखळी, तिच्यावर खांबांच्या ओळी, मांड्यांसाठी दोन भोके आणि हौस असल्यास मागे सशाची शेपटी. थंड देशांत ही चड्डी उपयोगी पडते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषते आणि तिच्यातला लॅनोलिन हा मेणचट पदार्थ ओल बाहेर फुटू देत नाही.

उरण ते श्रीवर्धन या पट्ट्यात तर हे शास्त्र अधिकच फळते. इथल्या मे महिन्यात चड्डीला बाष्पासाठी बाळावर अवलंबून राहावे लागत नाही. अंगभर घामोळे उठले, की चड्डी नीट बसली असे समजावे. उघड्या राहिलेल्या भागासाठी टोपडे आणि पायमोजे आहेतच. पावसाळ्यात जुन्या बायका शेगडीवर टोपली उपडी घालून सुती लंगोट वाळवत. लोकरी चड्डी त्याच टोपलीवर टाकल्यास दसऱ्यापर्यंत वाळावी.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा बहुधा अ‍ॅक्रिलिक असतो. त्यात लॅनोलिन नसल्याने ओल थोपवण्याच्या जबाबदारीतून चड्डी मोकळी होते आणि फोटोपुरती उरते. बारशाला तेवढे पुरते.

अस्सल लोकर हवीच, तर धनगरांच्या दख्खनी मेंढ्या आहेत. मात्र ती जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. पावसाळा सरल्यावर काही धनगर कळप घेऊन घाट उतरतात आणि पुढच्या पावसाआधी देशावर परततात. कोकणातली ओल मेंढीला सोसत नाही.