शेठच्या पणतूची थुंकी

"बाई, तुमच्या शाळेतले ते तलासरीचे सर परवा आले होते माझ्याकडे," अण्णा कुंपणापलीकडून म्हणाले. "जुन्या फेरफाराची नक्कल कशी काढायची, विचारत होते. म्हटलं, जमिनीचं भांडण आहे का? तर म्हणाले, नाही, आज्याचा बाप शोधायचाय."

झालं! अण्णांची सगळी नोकरी गेली कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथे असताना तोंडाला कुलूप होतं म्हणतात. निवृत्त झाल्यावर ते कुलूप कचेरीतच राहिलं असावं.

गोष्ट मला ठाऊक होती. सर वारली. त्यांचा आजा गुजरातच्या सीमेकडच्या एका शेठच्या वाडीवर जन्मला. पणजी तिथे कामाला होती. लग्न झालेलं कुणाला आठवत नाही. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात आज्याच्या बापाचं म्हणून जे नाव आहे, तशा नावाचा माणूस पाड्यावर कधी नव्हता. गुरुजींनी रकाना रिकामा कसा ठेवायचा म्हणून घातलं असणार. आता सरांचा मुलगा कॉलेजात जातो. त्याने डोक्यात घेतलंय की नळीत थुंकायचं, डबी कुरिअरने पाठवायची, की बाप हजर.

"हजर कसला?" काकी ओट्यावरून म्हणाल्या. तांदूळ निवडत होत्या, पण कान इकडेच. "तो तर कधीच मेला असेल ना?"

अण्णांनी मुद्द्याचं विचारलं. "आज्याचा बाप की आजीचा?"

"आज्याचा. म्हणजे सर, सरांचे वडील, आजा, त्याचा बाप. सरळ पुरुषांची रांग."

"मग बरं आहे."

बरं आहे, ते अशासाठी की वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाला जातं आणि पिढ्यानपिढ्या जवळजवळ जसंच्या तसं. आजीचा बाप शोधायचा असता तर सरांच्या वायचा काडीचा उपयोग नव्हता. शिवाय बाकीच्या डीएनएत पणजोबाचा वाटा सरासरी आठवा हिस्सा. शेठ इराणी किंवा पारशी असेल, तर तेवढा आठवा हिस्सा वारली रक्तात वेगळा दिसेल. वाणी किंवा बामण असेल, तर चित्र एवढं स्वच्छ निघणार नाही.

"पण वाय तर शेठच्या भावाचंही तेच, शेठच्या बापाचंही तेच," मी म्हटलं. "घराणं कळेल, माणूस कळणार नाही."

आणि मग मी त्यांना जेफर्सनची गोष्ट सांगितली. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष. त्याच्या घरी सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम बाई होती. तिची मुलं त्याचीच, अशी कुजबुज दोनशे वर्षं चाललेली. घरचे लोक म्हणायचे, छे, ती भाच्यांची. 1998 साली डीएनए तपासला. जेफर्सनचा लग्नाचा मुलगा कुणी जगला नव्हता, म्हणून त्याच्या चुलत्याच्या वंशातले पुरुष गाठले. सॅलीच्या धाकट्या मुलाच्या, एस्टनच्या, वंशजाशी त्यांचा वाय जुळला. भाचे बाद झाले, कारण ते बहिणीची मुलं, त्यांचा वाय वेगळा.

"पण जेफर्सनांतला नेमका कुठला?" अण्णांनी लगेच पकडलं.

"तिथे कागद कामी आला. हा माणूस शेतीची वही ठेवायचा, त्यात गुलामांच्या मुलांचे जन्म लिहायचा. स्वतः कधी घरी, कधी राजधानीत, तेही कागदोपत्री होतं. प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिने मोजले, तर दर वेळी स्वारी घरी!"

अण्णा इतके खूश झाले की छाटणीची कात्री खाली ठेवली. "बघा, शेवटी रेकॉर्डच लागलं!" मग एकदम उतरले. "पण आपल्याकडे नऊ महिने मोजणार कशावरून? रजिस्टरात सगळ्यांचा जन्म 1 जून."

हे मात्र खरं. शाळेत नाव घालताना वय अंदाजाने आणि तारीख 1 जून, त्यामुळे अख्खा पाडा एकाच दिवशी जन्मलेला. मीसुद्धा अशी पोरं शिकवली आहेत. त्या तारखेवरून शेठ तेव्हा वाडीवर होता की मुंबईत, हे कसं ठरवणार? आणि शेठची वही असलीच तर ती त्याच्या कपाटात. त्यात मजुरी आणि उचल सापडेल. पोरांचे जन्म कशाला लिहील तो?

अण्णांचा सल्ला वेगळा होता. "जन्म-मृत्यूची गावची जुनी नोंदवही, नमुना चौदा, ती बघा आधी. मग कुळांचे फेरफार. 1957 च्या 1 एप्रिलला कूळ मालक झालं ना, कृषक दिन, त्यानंतरच्या नोंदी. नवऱ्याचं नाव नाही आणि बाईच्या एकटीच्या नावावर दोन-चार गुंठे लागलेत, असं कुठे दिसलं तर तिथे थांबायचं. शेठ फुकटात कुणाच्या नावावर काही लावत नव्हता." असा एक कागद त्यांनी हाताने नकलून दिला होता म्हणे. कुणाचा, ते मात्र सांगेनात. म्हणजे कुलूप पुरतं निघालेलं नाही.

अडचण आणखी एक. तलासरीचा पुष्कळसा भाग पूर्वी उंबरगाव तालुक्यात होता. 1960 ला उंबरगाव गुजरातेत गेलं, इकडची गावं महाराष्ट्रात राहिली. तेव्हा जुना कागद हुडकायचा तर डहाणू, तलासरी आणि उंबरगाव अशा तिन्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या. बापाचा शोध म्हटल्यावर नक्कल काढणारा कारकून वर बघणार, ते वेगळंच.

"शेठ पारशी होता म्हणतात," काकींनी सूप आपटलं.

"शेठ सगळ्यांतच होते गं. पारशी, इराणी, वाणी, बामण, मुसलमान."

यात एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही अशी. आपल्या घोलवड-बोर्डीच्या पुढे संजाण. इराणातून आलेले पारशी तिथे उतरले. तिथल्या उत्खननात जुना दोखमा, म्हणजे पारशांची प्रेतं ठेवायची जागा, सापडला, आणि त्यातल्या हाडांचा डीएनए हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या गटाने तपासला. 2017 मध्ये तो अभ्यास छापून आला. आईकडून येणारा डीएनए एकवीस जणांचा मिळाला, त्यात 48 टक्के वंशरेषा इकडच्या, भारतीय उपखंडातल्या. म्हणजे सुरुवातीच्या वसाहतीतच स्थानिक बायका घरात आल्या असाव्यात. हजार वर्षांपूर्वीच्या त्या आज्यांची नावं कुठल्याही किश्शात नाहीत. कुठल्या जमातीच्या होत्या, कोण जाणे.

पुढे मुंबईच्या हायकोर्टात वाद गेला, त्याचा निकाल 1908 साली लागला. रतनजी दादाभॉय टाटांची फ्रेंच बायको पारशी धर्मात आली, ती पारशी की नाही? न्यायमूर्ती दावरांच्या निकालात बाप पारशी असेल आणि मुलाला धर्मात घेतलं असेल, तर ते मूल पारशी ठरलं. बापावरून. फ्रेंच बाईच्या मुलांना दार उघडं. पण वाडीवरच्या बाईच्या पोराचं काय? 1942 मध्ये गुजरातेतल्या वांसद्याला पारशी बाप आणि आदिवासी आई अशा पाऊणशेच्या आसपास लोकांचे नवजोत, म्हणजे धर्मदीक्षेचे विधी, झाले, तेव्हा समाजात केवढा गहजब उडाला! पारशांचा पवित्र अग्नी, इराणशाह, आपल्या बारडाच्या डोंगरातून पुढे नेला, तो म्हणे याच वांसद्यात बरीच वर्षं ठेवला होता.

सरांच्या मुलाला आज्याच्या जन्माच्या गोष्टीत प्रेमकहाणी दिसते. शेठ, वाडी, चांदणं वगैरे. मी त्याला गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचायला दिलं आहे. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही शेठकडे बांधली जायची. लग्नगडी म्हणत त्यांना. 1945 च्या मे महिन्यात झरीला सभा झाली, वेठ करायची नाही असं लोकांनी ठरवलं, तोवर हे राजरोस चालू होतं. नाही म्हणायची सोय नसलेल्या बाईच्या गोष्टीला प्रेम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सॅलीचंही तेच.

"आणि जातीच्या दाखल्याचं काय?" अण्णांचा आवाज खाली आला. "बाप बिगर-आदिवासी निघाला तर जातपडताळणीवाले विचारतील. वंशावळ मागतात, 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, रक्ताचं नातं बघतात ते वडिलांच्या बाजूचं."

भीती खोटी नाही. पण 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या रमेशभाई नाइकांच्या प्रकरणात सांगितलं आहे की बाप बिगर-आदिवासी असला म्हणून मूल आपोआप त्याच्या जातीचं ठरत नाही. आईच्या समाजात वाढलं, तिच्यासारखंच हलाखीत जगलं, हे दाखवता येतं. सरांचा आजा वारल्यांतच वाढला, वारल्यांतच लग्न केलं. तरी ज्याच्या नोकरीवर घर चालतं, त्याने हा रिपोर्ट दिवाणखान्यात टांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शोधा, पण कपाटात ठेवा.

"पण बाई, सर एकटे थुंकून काय होणार?" अण्णा म्हणाले. "जुळवायला समोरचा नको का?"

तीच तर मेख. शेठच्या घरातल्या एखाद्या पुरुषाने डबी भरली पाहिजे. पणतू असेल तर पणजोबा तेवढा एक सामाईक, म्हणजे सरांशी त्याचा सारखा डीएनए सरासरी शंभरात दीडेक. कमीच, पण वाय जुळला तर घराणं पक्कं.

"आणि त्याला कोण सांगणार, बाबा रे, थुंक म्हणून?" काकींनी खडे अंगणात भिरकावले.

"तो यायचाय रविवारी माझ्याकडे," अण्णा म्हणाले. "वारसाची नोंद अडकलीय त्याची."

"अण्णा, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय? माझा काय संबंध?"

संध्याकाळी दूधवाला माप ओतता ओतता मला विचारत होता, "बाई, तुमच्या त्या सरांना वाडीत हिस्सा मिळणार म्हणतात, खरं का?"