धानवाल्यांची कोरियन पंगत

सौंदडहून आम्ही साकोली-भंडारा करत नागपूरला जातो ते दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या खरेदीसाठी. नुसतं जेवायला चार म्हाताऱ्या मित्रांनी एसटी पकडावी, हे घरी कुणालाच पटलं नाही. त्यातून जेवण कोरियन! पण एका मित्राची लेक नागपुरात शिकते. कोरियन मालिका बघून तिची जीभ सोलला जाऊन पोचली आहे. "बाबा, एकदा खाऊन तर पाहा," असं तिनं म्हटल्यावर बापाचं काय चालणार?

मालिकांवरून मी तिला नावं ठेवणार नाही. मंडईच्या जत्रेत रात्रभर झाडीपट्टीचं नाटक बघून पहाटे डोळे पुसत घरी येणाऱ्यांनी, सोळा भागांत रडणाऱ्या पोरीला काय शिकवायचं? फरक एवढाच, की वडशाच्या कंपन्यांचं नाटक पाहून कुणाला भूक लागल्याचं ऐकिवात नाही. कोरियन मालिकेत मात्र सारखं कुणीतरी जेवत असतं.

हॉटेलात जेवण आलं, पण पोरगी कुणाला हात लावू देईना. कोरियात वडीलधाऱ्यानं चमचा उचलल्याशिवाय बाकीचे सुरुवात करत नाहीत. रीत उत्तम. अडचण अशी, की आम्हा चौघांचीही जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी 1 जुलै लिहिलेली, आणि सालही एकच. मग कोणाच्या आईच्या सांगण्याप्रमाणे कोण कोणत्या पुराच्या वर्षी जन्मला, याची चौकशी सुरू झाली. शेवटी ज्याला सर्वांत जास्त भूक लागली होती तो वडील ठरला.

तो आमचा राईस मिलवाला. लालभडक रश्श्यातली बोटाएवढी पांढरी कांडी चमच्यानं दाबून त्यानं विचारलं, "हे काय होय वो?"

"तोकबोक्की, काका. तांदळाचं पीठ वाफवून, मळून करतात."

लाल रस्सा गोचुजांगचा. त्यात मिरची, आंबवलेलं सोयाबीन आणि चिकट तांदूळ. समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं किंबाप आलं, त्याच्या पोटात भात. त्यांची घरगुती दारू माक्कोली, तीही तांदळाची, असं कळल्यावर त्यानं पोरीसमोर फक्त मान डोलावली. साधा भात मात्र त्याला रुचला नाही. "हा त आसट झाला बाप्पा!" दादाजी खोब्रागडेंनी चंद्रपूरकडच्या नांदेड गावच्या शेतात एकेक लोंबी निवडून एचएमटी धान तयार केलं, त्या मोकळ्या, बारीक भातावर वाढलेला हा माणूस. चिकटपणा हाच त्या तांदळाचा मान, हे त्याला पटवायला धातूच्या काड्या द्याव्या लागल्या. चिकट भात काड्यांनी निदान उचलला तरी जातो. पुढे कळलं की कोरियन माणूसही भात चमच्यानंच खातो. मग सगळ्यांनी काड्या बाजूला ठेवल्या आणि खरं जेवण सुरू झालं.

आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा वास आम्हाला नवा वाटला नाही. पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी खाणाऱ्यांना तो काय घाबरवणार? रंगावरून आम्ही भिवापुरी मिरचीच्या तयारीनं बसलो होतो, पण तिखट बेतानंच निघालं. तसं पाहिलं तर मिरची त्यांच्याकडेही पाहुणी आणि आपल्याकडेही. ती अमेरिकेतून जगभर निघाली नसती, तर त्यांची किमची पांढरी राहिली असती आणि आपल्या सावजीला कुणी विचारलं नसतं.

गोड म्हणून बिंगसू आलं. किसलेल्या बर्फाचा डोंगर, वर शिजवलेल्या, गोड, लाल, चवळीसारख्या दाण्यांचा थर. मंडईतला बर्फाचा गोळा परदेशी शिकून आला तर असाच दिसेल. चार चमचे एकाच वाडग्यात घालून आम्ही तो उतरवला. मधुमेहाचा विषय कुणी काढला नाही.

परतताना मिलवाला गप्प होता. पोरीनं त्याला मोबाइलवर वाचून दाखवलं होतं: 1970 साली कोरियन माणूस वर्षाला सुमारे 136 किलो तांदूळ खायचा, आता 60 किलोच्याही आत आला आहे. नूडल्स, ब्रेड, मांस वाढलं. भंडारा मागे पडल्यावर तो म्हणाला, "त्यांचे मिलवाले काय करत असतीन गा?" साकोलीपर्यंत आम्ही त्यांच्या भरडाईची काळजी केली.

तुम्ही गेलात तर एवढं करा: बिंगसू चौघांत एकच मागवा. आणि कोरियात किमचीच्या वाट्या पुन्हा भरून द्यायचा रिवाज आहे, तेव्हा दुसऱ्यांदा मागायला लाजू नका.