ढाळ कुणीकडे?

विनोबांनी १९५१ पासून वर्षानुवर्षं देशभर पायी हिंडून लोकांकडून लाखो एकर जमीन मागून घेतली. पण सामायिक घराच्या पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडावं, या प्रश्नात त्यांनी कधी हात घातला नाही. माणूस गागोदे बुद्रुकला जन्मलेला, तोही ११ सप्टेंबरचा, म्हणजे पागोळ्या गळत असतानाच. कुठे हात घालू नये हे त्यांना पाळण्यातच कळलं असणार.

आमचंही घर याच गावात. त्या घराने अजून एकही संत दिलेला नाही, पन्हळीवरून भांडणारे मात्र तीन पिढ्या दिले. आजोबांच्या वेळी पोफळीचं खोड उभं चिरून, आतला भेंड काढून केलेली पन्हळ होती. मग पत्र्याची आली, गंजली, डांबर आणि गोणपाटाच्या ठिगळांवर जगली. आता पीव्हीसीची आहे. पन्हळीचा माल बदलला, भांडणाचा नाही.

मुळात या भागात पावसाला मोजमाप नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास म्हणजे नेमकं किती, हे आकड्यातून कळत नाही. असं बघा, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमच्या घराचा पुढचा पाखा पन्नास चौरस मीटरचा. दिवसात शंभर मिलिमीटर पडला, आणि जुलैत असा दिवस कुणी लक्षातही ठेवत नाही, तर पाच हजार लिटर पाणी त्या एका पन्हळीतून जाणार. अर्धा टँकर. बरं, जाणार तर ठीक. आमच्याकडे ते जात नव्हतं, राहत होतं.

पन्हळीला झोळ पडला होता. मधोमध चांगलं पोट सुटलं होतं, आणि पुढे त्यात आंब्याची पानं, कौलांवरचं शेवाळ आणि नातवंडांचा एक चेंडू एवढा संसार जमला. सहा इंची अर्धगोल पन्हळ तीस फूट लांब असली आणि काठोकाठ भरली, तर नुसतं पाणीच ऐंशी किलोच्या घरात जातं. म्हणजे एखादा खाऊनपिऊन सुखी असलेला पाहुणा चार महिने त्या पन्हळीत लोळत पडल्यासारखं. आशाताई साचलेलं पाणी तपासायला यायच्या, तेव्हा पिंपं, कुंड्या, टायर सोडून पहिली मान वर करायच्या. वर डासांची तिसरी पिढी पोहायला शिकत असायची.

झोळ का पडला, याचं उत्तर पन्हळीत नव्हतं, वाटणीपत्रात होतं. घर वाटलं गेलं, छप्पर वाटता आलं नाही. पूर्वेचं टोक थोरल्या काकांकडे, पश्चिमेचं धाकट्या काकांकडे. मधली खोली आमच्या वडिलांची, पण ते पुण्यात, त्यामुळे त्यांचं मत कुणी विचारलं नाही. थोरल्या काकांना आपल्या अंगणात पाणी नको, शेवाळ धरतं आणि काकू घसरते. धाकट्यांना नको, त्यांची मोटरसायकल तिथे उभी असते. म्हणून मागच्या वेळी दोघांनी मिळून हुकूम दिला होता, 'अगदी पाणसळीत बसव.' ज्या पन्हळीला ढाळ नाही ती पन्हळ नाही, हौद आहे. हौद भरला, मधे वाकला, आणि पाणी बरोबर वडिलांच्या पायरीवर पडू लागलं. इतका समसमान निवाडा कुठल्या कोर्टाने दिला नसता.

यंदा मृग लागायच्या आधी मिस्त्रीला बोलावलं. त्याने शिडी लावली आणि मधला एक स्क्रू दोन बोटांनी ओढला. स्क्रू हातात आला, मागोमाग वाळवीचा भुसा भुरभुरत त्याच्या मिशीवर. "फळी गेली काका. आता पट्ट्या थेट वाशांना मारू, दोन-दोन फुटांवर." टोकाला टोक सुतळी ताणून त्याने एक बादली पाणी मागवलं, पन्हळीत ओतलं. पाणी दोन्हीकडून मधे आलं आणि थांबलं. मग त्याने खाली बघून विचारलं, "दहा फुटांना अर्धा इंच ढाळ देतो. कुणीकडे देऊ?"

चहा झाला. पुन्हा चहा झाला. माहेरपणाला आलेली आत्या फणसाचे गरे काढता काढता म्हणाली, "दे रे कुणीकडेही, वळचणीचं पाणी काही आढ्याला जात नाही." पण तिचा वाटा नव्हता, त्यामुळे तिचं बोलणं हिशेबात धरलं नाही. थोरल्या काकांनी १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा काढला. त्यांच्या मते वीस वर्षं शांततेने आणि उघडपणे पाणी एकीकडे पडत असेल, तर तिकडेच पडायचा हक्क मिळतो. उघडपणे हे ठीक होतं. पण या घरात वीस वर्षांत शांततेने काय झालं, ते कुणालाच आठवेना. कलम तिथेच कोसळलं.

मिस्त्री शिडीवरच बिडी पेटवून सहज बोलला, "खाली खारेपाटात मे महिन्यात टँकरची वाट बघतात. तिकडे एकाला पन्हळ काढून थेट टाकीत सोडून दिली. माणूस खूश."

अंगणात शांतता पसरली. थोरल्या काकांना एकदम आपली विहीर आठवली, एप्रिलमध्ये तळ दाखवणारी. "मिस्त्री, ढाळ पूर्वेला. विहिरीला पुनर्भरण होईल." धाकटे उठून उभे राहिले. "का म्हणून? वारा नैऋत्येचा, पाऊस आधी माझ्या कौलांवर पडतो. पाणी माझं." ज्या पाण्याला काल दोघं दारात उभं करत नव्हते, त्यावर आज दोघांचा वारसाहक्क लागला. मोटरसायकल पाच मिनिटांत मागच्या पडवीत गेली.

शेवटी मिस्त्रीनेच तोड काढली. पन्हळ मधे उंच, दोन्हीकडे उतरती. दोन्ही टोकांना उतरते पाइप, इकडे विहीर, तिकडे ड्रम. दोघांनी सुतळीखाली उभं राहून एक डोळा मिटून उतार तपासला, समोरच्याला सुतभर जास्त तर जात नाही ना. संध्याकाळपर्यंत पट्ट्या बसल्या, बादली ओतली, पाणी दुभंगून निमूट दोन्हीकडे गेलं.

मग मिस्त्रीने मजुरीचा आकडा सांगितला. थोरले काका पूर्वेकडे बघू लागले, धाकटे पश्चिमेकडे. मधे वडील पुण्याहून आलेले बसले होते. पैसे त्यांनी दिले.