लिंबाएवढं

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणापाशी... बांगडे राहू देत, मांजराकडे मी बघते. पलीकडच्या वहिनींची दुसरी सोनोग्राफी झाली! काल दुपारच्या एस्टीने आल्या, आणि चेहरा असा काही, की विचारावं की नको... थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर त्यात मजा नाही.

डिसेंबरात त्यांच्या होमस्टेला पुण्याची माणसं भरली होती ना, तेव्हा ह्या चुलीपाशी उभ्या राहून सुरमई तळतायत नि पित्ताने कळवळतायत. मुलाने ओढूनच मालवणला नेलं, पित्ताशयात खडे आहेत का बघायला. खडे नाहीत. पण डाव्या अंडाशयात सिस्ट! ४.२ सेंटिमीटर. पाळी जाऊन सात वर्षं झाली हो बाईची. मला म्हणतात, "दुकान बंद झाला, मगे माल खयसून इलो?" मी हसले. त्या नाही हसल्या.

मुलाने मोबाइलवर काय वाचलं देव जाणे, त्याचं तोंड जे पडलं ते पडलंच. सून भांडी घासता घासता थांबली. सासूबाई तेवढ्या खंबीर: "माका पाच झाली, तेव्हा खय होती तुमची सोनोग्राफी?"

तर काय सांगत होते... हां, पहिला डॉक्टर. नाव नको. कुठला तेही नको. रिपोर्टकडे अर्धी नजर टाकून म्हणाला, पिशवी, दोन्ही अंडाशय, एकदाच काढून टाका, कटकट मिटेल. जसं काही माळ्यावरचं जुनं सामान! अहो, ते बीडचं आठवतं ना? २०१९ साली सरकारने ऊसतोडीच्या बायकांची पाहणी केली, ८२ हजारांवर बायका, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली. वहिनींच्या भाचीने हेच सांगून त्यांना थांबवलं. नर्सिंग शिकतेय ती, हुशार आहे. लग्नाचं बघतायत, पण ते नंतर...

मधल्या काळात भावोजींनी काय करावं? कुणाला न विचारता देवळात गाऱ्हाणं घातलं! शनिवार, देवळात ही गर्दी. गुरवाने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या पोटात जो काय गोळो इलो आसा, तो जाग्यार इरघळान टाक रे म्हाराजा!" आणि सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मी वहिनींच्या शेजारीच होते. त्यांनी पदर असा तोंडापर्यंत ओढला आणि नवऱ्याकडे जे बघितलं... मी असते तर दोन दिवस घरी गेले नसते. देवाला कळलं ते ठीक, पण पोस्टमनलाही कळलं.

आणि मग काय, सुटलीच गजाल. मी, खरं सांगते, फक्त लिंबाएवढं म्हटलं होतं, तेही एकाच ठिकाणी. रिक्षास्टँडवर त्याचा हापूस झाला. होडीतून कर्ली ओलांडून भोगव्याला पोचेपर्यंत नारळ! तिकडची एक बाई शहाळं घेऊन भेटायला आली आणि वहिनींच्या पोटाकडे बघून म्हणाली, "दिसणा नाय गो."

वहिनी दिवसा हसून घेत. पण रात्री हात पोटावरच. बुकिंगची वही मी बघितली ना, मे महिन्याची पानं कोरी. फोन आला की म्हणायच्या, नक्की नाही. मेमध्ये, आणि नक्की नाही!

शेवटी भाचीने गोव्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या बाईंनी आधी हे विचारलं, आई, बहीण, मावशी, कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर? नाही. मग कागद घेतला आणि चित्र काढलं. गाठ एकाच बाजूला, आत नुसतं पाणी, पडदे नाहीत, भरीव काही नाही, पोटात पाणी साठलेलं नाही. सीए-१२५ ची रक्ताची तपासणी आली १४, ती ३५ च्या आत असली की बरी. आणि वाढली तरी लगेच कॅन्सर नव्हे हं, पोटातल्या टीबीतसुद्धा वाढते. मग म्हणे गुणाकार करायचा: पाळी गेलेल्या बाईला तीन गुण, सोनोग्राफीतल्या खोडीचे गुण शून्य, आणि ते १४. तीन गुणिले शून्य गुणिले चौदा... शून्य! दोनशेच्या वर गेलं तर मोठ्या डॉक्टरकडे धाव. पाळी असलेल्या बाईला म्हणे एकच गुण. म्हणजे बघा, पाळी गेल्यावर आपला भाव तिप्पट, निदान कागदावर तरी.

पाच सेंटिमीटरच्या आतली अशी साधी गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी, कितीतरी आपोआप आटतात. चार महिन्यांनी परत या, म्हणाल्या. मात्र पोट फुगलेलंच राहिलं, दोन घासांत भरलं, परत अंगावर गेलं, की लगेच. आणि एकाएकी जीवघेणी कळ आली तर रात्र-अपरात्र बघायची नाही, गाठीला पीळ पडतो.

परतताना गाडीत भाचीने सांगितलं, अमेरिकेत १८०९ साली जेन क्रॉफर्ड म्हणून बाई होती, तिला वाटलं जुळं आहे. होती अंडाशयाची गाठ, दहा किलोची! साठ मैल घोड्यावरून डॉक्टरकडे गेली, भूल नाही काही नाही, पोट उघडून गाठ काढली, आणि पुढे ३२ वर्षं जगली. वहिनी म्हणाल्या, "माका घोडो नको, देवबागची एस्टी पुरे." महिन्याभराने पहिल्यांदा मनापासून हसल्या, म्हणे. तो शून्याचा कागद फ्रिजवर लावलाय, पाहुणे विचारतात कसला हिशेब. आणि वहीत मे महिना भरायला लागल्या, पण पेन्सिलीने.

हां, तर कालचं! ३.९! आटतेय. आता परत दसऱ्यानंतर. वर्षभर अशीच शांत राहिली की मग येऊच नका, असं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्यात.

मला हे कुणी सांगितलं? वहिनींनीच. संध्याकाळी इथेच आल्या, ह्याच खांबावर एक लिंबू ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्या बघ. एवढाच होता, आता ह्याच्याहून बारीक. भोगव्यापर्यंत जाताना एवढाच ऱ्हवांदे." माझं तोंड... जाऊ दे.

ते लिंबू अजून खिडकीत आहे. टाकवत नाही, आणि बांगड्यावर पिळवतही नाही...

अहो, मांजर! मांजर बघा तुमचं!