नाथसागर किती टक्के?

अमेरिकेतल्या ईरी तळ्यावर वॉलाय आणि पर्च मासे धरणारी मंडळी घर सोडण्याआधी वारा कुठला, पाणी किती गार, मासा किती खोल, अशी सगळी चौकशी करतात म्हणे. पैठण तालुक्यातल्या आमच्या पाचोडला एकाच प्रश्नात काम भागतं : "नाथसागर किती टक्के?" नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय.

हा प्रश्न मोसंबीच्या अडतीवर चालतो, चहाच्या गाड्यावर चालतो आणि मयतीलाही चालतो. उत्तर ऐकून बाकीचे उसाच्या विचारात पडतात, मी गांडुळांच्या.

गंमत अशी, की हे टक्के पैठणच्या आभाळात नसतात. पाऊस पडावा लागतो वर, गोदावरीच्या उगमाकडं, नाशिकला. तिथं गोदेचा पूर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. श्रावणात नाशिकच्या मेहुण्याचा फोन येतो, "दाजी, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं!" मी म्हणतो, "वा, वा!" पाणी तिकडं त्याच्या दुकानात शिरतं, इकडं माझ्या तोंडाला सुटतं. बायको म्हणते, माझ्या भावाच्या दुकानावर डोळा ठेवून मासे धरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पैठणच्या संत एकनाथांनी रामेश्वराला निघालेल्या कावडीतलं पाणी तहानेल्या गाढवाला पाजलं. त्यांच्या नावाच्या सागराला मात्र वरच्या धरणांपुढं हात पसरावे लागतात. 2005 साली समन्यायी वाटपाचा कायदा झाला. तरी टंचाईच्या वर्षी पाणी आधी कोर्टात जातं, मग पात्रात.

2019 च्या उन्हाळ्यात धरण उणे टक्क्यांत गेलं. पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरचा, पण खोली बेताची. त्यामुळं पाणी हटलं की काठ पार नजरेआड जातो. श्रावणात जिथं गळ टाकावा, तिथं उन्हाळ्यात गाळपेऱ्याचं पीक उभं असतं. चप्पूवरच्या भोईमामांना मी विचारलं, "मामा, मृतसाठ्यात मासे कसे?" मामा म्हणाले, "मास्तर, मृत ते सरकारच्या कागदात. माशाला कुठं वाचता येतंय?" खरंच होतं. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. त्याच्याखाली सव्वीस टीएमसीचा मृतसाठा असतो, आणि मरळ, वाम, चिलापी त्यात सुखानं नांदतात. रोहू-कटल्याची गोष्ट वेगळी. त्यांना अंडी घालायला वाहता पूर लागतो, साठल्या पाण्यात त्यांचं मन रमत नाही. म्हणून बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते.

एवढं करून मासा गळाला लागलाच, तर घरात आई माळकरी. चूल अंगणाच्या टोकाला, भांडी वेगळी, आणि वारा घराकडं असला तर तेही नाही. वाऱ्याची चौकशी मला करावी लागते ती इथं.

तेव्हा मंडळी, नाथसागराचा मासा खायचाच असेल, तर पैठणला जाऊन भोयांकडून ताजा घ्या आणि भावात घासाघीस करू नका. गळच टाकायचा असेल, तर आधी नाशिकला एक सोयरीक जुळवा.