बाकी भारत

मोटार विम्याच्या लेखी भारताचे दोन भाग आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं म्हणजे ‘ए झोन’. दुसरा भाग ‘बी झोन’, त्यात बाकी भारत. म्हणजे नागपूर, गडचिरोली, लेह आणि आमचं कराड एकाच पंगतीला. २००२च्या दरपत्रकात ही वाटणी आली. २००७ साली कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, वाटणी मात्र राहिली.

त्या दरपत्रकात हजार ते पंधराशे सीसीच्या नव्या मोटारीला ए झोनमध्ये किमतीच्या ३.२८३ टक्के आणि बी झोनमध्ये ३.१९१ टक्के हप्ता होता. सहा लाखांच्या गाडीमागे फरक ५५२ रुपयांचा. पुण्याचा ट्रॅफिक टाळून कराडात राहिल्याबद्दल एवढं बक्षीस. तेही माणसाला नव्हे, नोंदणीला. एमएच १२ची गाडी जन्मभर कृष्णाकाठी उभी राहिली तरी ती पुण्याचीच, आणि एमएच ५०ची गाडी कर्वे रस्त्यावर रोज खरचटून घेत असली तरी कागदावर ती कराडच्या मोकळ्या हवेतच फिरते. थर्ड पार्टीचं तर विचारूच नका. हजार ते पंधराशे सीसीच्या मोटारीला १ जून २०२२पासून वर्षाला ३,४१६ रुपये, अख्ख्या देशात एकच भाव. एवढी समता संविधानाच्या बाहेर प्रथमच पाहिली.

या सगळ्यात कराडच्या कृष्णा पुलापलीकडचं आमचं कॉलेजांचं विद्यानगर कुठं आहे? कुठंच नाही. १९६० साली सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, आजूबाजूला बाकीची कॉलेजंही आहेत, आणि पुलापलीकडे दरवर्षी नवी पिढी गाडी शिकायला येते. जोडीला पदवीही मिळते. ॲडमिशनच्या दिवसांत लातूर-नांदेडहून आलेले वडील एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं हॉस्टेलचा पत्ता विचारत असतात. सबमिशनच्या आठवड्यात एका स्कूटरवर तिघं आणि एक फाईल. गळीत हंगाम सुरू झाला की मागं लाल दिवा नसलेली, पुढं मात्र भरपूर गाणी असलेली उसाची डबल ट्रॉली. रस्त्याच्या मधोमध बसलेल्या बैलांची गोष्टच निराळी. मोटार वाहन कायद्यात ते येत नाहीत, त्यामुळे त्यांना थर्ड पार्टीची सक्ती नाही. प्रपोजल फॉर्ममध्ये गाडीचं इंजिन, चासी आणि वय विचारतात. संध्याकाळी सात वाजता कॉलेज सुटल्यावर चौकात काय होतं, असा रकानाच नाही.

कंपनीचाही दोष नाही म्हणा. तिला आमच्याबद्दल काही कळतच नाही, कारण आम्ही कळू देत नाही. समजा, कोणी बंपर फोडला. नवा चार हजारांचा. प्लास्टिकच्या भागावर निम्मी घट कापायची, उरले दोन हजार. सक्तीचे एक हजार आपल्या खिशातून, म्हणजे कंपनी देणार एक हजार. त्या हजारासाठी पाच वर्षं देवासारखा जपलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस शून्यावर येणार. घरच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता चौदा हजार धरला, तर पुढच्या वर्षी सात हजारांचा फटका. एजंट म्हणतात, “सर, झिरो डेप घ्या.” त्याचेही पैसे आलेच, आणि घट वाचली तरी बोनस वाचत नाही.

म्हणून शहाणा कराडकर थेट डेंटरकडे जातो. टचिंग, थोडी ठोकाठोकी, रोख दीड हजार. पावती मागणं असभ्य समजलं जातं. अशा रीतीनं गावाची सगळी जोखीम गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमा होते आणि आकडेवारीत आम्ही निष्कलंक राहतो. उद्या देशातल्या सर्वांत सुरक्षित गावाचा सत्कार ठेवला, तर हार डेंटरच्या गळ्यात घालावा लागेल.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या गावांत बहुतेक ठिकाणी पिनकोड पाहून हप्ता ठरतो. शिवाय चांगले मार्क मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला सवलत देणाऱ्या कंपन्या तिथं आहेत. आपल्याकडे हे आणलं तर केटी लागलेल्यांचा हप्ता भरायला बँकेचं कर्ज काढावं लागेल, आणि रिव्हॅल्युएशनमध्ये पास झाला की परतावा मागायला बाप एजंटच्या दारात उभा राहील.

राहता राहिला आपल्या बंपरला धडकणारा कॉलेजचा मुलगा. त्याची बाईक मामाच्या नावावर, विमा कधीच संपलेला. कायद्यानं पहिल्यांदा दोन हजार दंड, पण त्यानं आपला बंपर थोडाच भरून निघतो? भरपाईसाठी दावा करायला प्राधिकरण आहे, तिथं जाण्याइतकं आयुष्य नाही. मग रस्त्याच्या कडेला वाटाघाटी होतात. “काका, मिटवून टाका की.” तो हॉस्टेलवर फोन लावतो. पंधराजण शंभर-शंभर काढतात. एकाचं नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं, हे विम्याचं मूळ तत्त्व गावात फक्त तिथंच पाळलं जातं. सर्व्हेअर नाही, फॉर्म नाही, घट नाही. क्लेम दहा मिनिटांत यूपीआयवर जमा. अट एकच, महिन्याची वीस तारीख उलटलेली नसावी.